सोमवारी बंद पडणारी मोटार

मित्रांनो, आज मला गप्प बसवत नाही! मी एक जुनी मोटार आहे. पांढरी, बुटकी, चार दारांची. माझ्या वयाच्या बहुतेक मोटारी पत्र्याच्या शेडखाली गंजत पडल्या आहेत. पण माझ्या आयुष्यात गेल्या सोमवारी असं काही घडलं, की ते सांगितल्याशिवाय माझं इंजिन थंड व्हायला तयार नाही. म्हणून जरा जवळ या. फक्त मागच्या दाराला टेकू नका, ते कधीकधी आपोआप उघडतं.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पत्र्याचे तुकडे जोडताना उडणाऱ्या ठिणग्या आणि नव्या रंगाचा वास, एवढंच आठवतं. माझी खरी आठवण सुरू होते ती बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला. तिथल्या बाजारात वैजिनाथ आप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. हंडे, घागरी, पराती, ताटं, सगळं तिथं मिळतं. आप्पांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांची मुलगी रुद्राणी पाळण्यात होती. सारी गल्ली मला बघायला जमली. नारळ फुटला, माझ्या कपाळाला हळदीकुंकू लागलं आणि कुणीतरी म्हणालं, "आप्पा, पोटातल्या यंत्राचीबी पूजा करा की!" आप्पांनी बोनेट उघडलं.

शांतादेवी, म्हणजे आप्पांच्या घरधनीण, हातात ताट घेऊन आत डोकावल्या आणि एकदम थबकल्या. इंजिनाच्या वर एक मोठा गोल काळा डबा असतो. त्याच्या मधोमध झाकण आवळणारा नट वर आलेला असतो आणि एका बाजूनं लांब तोंड बाहेर निघालेलं असतं.

"अगं बाई! ही तर पिंडच हाय की!" शांतादेवी म्हणाल्या.

"अगं, ती हवेची गाळणी हाय. त्यातनं इंजिनाला साफ हवा जाती," आप्पा हसून म्हणाले.

"गाळणी असू द्या न्हाईतर चाळणी. रूप महादेवाचं हाय!"

आप्पांनी तो विषय त्या दिवशीच सोडून दिला. शहाणे गृहस्थ! घरात सगळे महादेवाचे भक्त. पुढे काय बोलणार? तेव्हापासून दर सोमवारी सकाळी अंघोळ झाली की शांतादेवी माझं बोनेट उघडायच्या. त्या डब्यावर तांब्याभर पाण्याचा अभिषेक करायच्या, ओल्या विभूतीची तीन बोटं ओढायच्या, बेलाचं पान वाहायच्या आणि हात जोडायच्या. श्रावणात चमचाभर दूधही असायचं. नंतर सगळं पदरानं कोरडं पुसून, पान उचलून, बोनेट हळूच लावायच्या. खरं सांगू? मला फार आवडायचं ते. दुसऱ्या कुठल्या मोटारीला असा मान मिळाला असेल, तर मला आणून दाखवा!

मीही काही बसून खाल्लं नाही. टपावर तांब्यापितळेचे हंडे बांधून मी केजच्या बाजाराला जायची. खड्ड्यात चाक गेलं की वर नुसती वाजंत्री सुरू व्हायची. लग्नसराईत माझ्या पोटात इतकी भांडी कोंबत, की आप्पांना गिअर बदलताना आधी एक पातेलं बाजूला सरकवावं लागे. "ह्या गाडीनं माझं दुकान मोठं केलं," असं आप्पा चारचौघांत सांगायचे. ते ऐकून मी चढावर जरा जास्तच जोर लावायची.

मग दुकानासाठी टेम्पो आला. घरासाठी नवी लाल गाडी आली. मला दुकानामागच्या शेडमध्ये ढकललं आणि माझ्या टपावर शेजारच्या शेळीनं बस्तान बसवलं. आप्पा जाता-येता माझ्याकडे बघेनासे झाले. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण दोघीजणी मला विसरल्या नाहीत. शांतादेवी सोमवार चुकवत नव्हत्या आणि रुद्राणी तर माझ्यावरच गाडी शिकली. रेल्वे स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत तिनं माझा क्लच किती छळला म्हणून सांगू! पण पोरगी हुशार निघाली. ती अंबाजोगाईला रक्त-लघवी तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि रोज मलाच घेऊन जाऊ लागली. लाल गाडीची किल्ली समोर टांगलेली असायची, तरी माझी किल्ली उचलायची. आहे की नाही माझी लाडकी?

आणि ह्याच सुखाच्या दिवसांत, यंदाच्या श्रावणात, मला ते दुखणं लागलं.

मित्रांनो, गाडी जागेवर उभी असताना तिचं इंजिन हळूहळू चालत राहतं, त्याला गाडीवाले आयडल म्हणतात. आम्हा मोटारींची खरी परीक्षा तिथंच होते. पळताना जोर असतो, वेग असतो. पण पायानं रेस न देता, जागच्या जागी, शांतपणे धुगधुगत राहणं अवघड. मला तेच जमेना! रस्त्यावर मी सुसाट जायची, पण रेल्वेच्या फाटकापाशी थांबले की अंगात थरथर सुटायची. एक आचका, दुसरा आचका आणि फुस्स! मागून हॉर्न. रुद्राणी किल्ली फिरवतेय, लोक खिडकीतून डोकावतायत, आणि मी लाजेनं लाल! म्हणजे पांढरीच, पण आतून लाल.

माझ्या पोटात काय बिघडलंय, हे मलाही कळत नव्हतं. पोट दुखतं एवढं आपल्याला कळतं, कशानं दुखतं ते कुठं कळतं? मग इलाज सुरू झाले. ज्याला त्याला माझ्या आजाराची माहिती! चहावाल्यानं सांगितलं बॅटरी गेली, दूधवाल्यानं सांगितलं तेल बदला, आणि आप्पांच्या मेव्हण्यांनी तर लांबूनच आवाज ऐकून इंजिन मेलं म्हणून जाहीर केलं. प्लग बदलले, वायरी बदलल्या, टायमिंग बघितलं. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! कुणीतरी आयडलचा स्क्रूच पिळून ठेवला. मग मी बंद पडेना, पण उभ्या उभ्या अशी बोंबलू लागले की शेळी टपावरून उडी टाकून पळाली. बरं झालं म्हणा!

शेवटी रुद्राणीनं मला स्टेशन रोडच्या त्रिंबककडे नेलं. आप्पाही बरोबर आले. त्रिंबक हा तोंडानं फटकळ, पण हातानं नीट काम करणारा मिस्त्री. त्यानं आधी तो पिळलेला स्क्रू जागेवर आणला. मग कार्बोरेटर खोलला. पेट्रोल आणि हवा ज्यात मिसळतात ते यंत्र म्हणजे कार्बोरेटर. त्याला खाली एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं. त्रिंबकनं वाटी उजेडात धरली. पेट्रोलच्या तळाशी पाणी दिसत होतं आणि थोडा पांढरा गाळही होता.

"हे बगा आप्पा! पेट्रोलपेक्षा पाणी जड असतं, म्हणून तळाला बसतं," त्रिंबक म्हणाला. "आयडलचं भोक लई बारीक असतं. त्यात पाणी शिरलं की गाडी जागेवर मरती. पळताना पेट्रोलचा जोर असतो, म्हणून निभून जाती."

"मग पाणी आलं कुठून?"

"पेट्रोलातनंच आलं असंल. आनि टाकी आतनं सडली असंल, म्हणून ही पांढरी घाण."

झालं! आप्पांचं डोकं तापलं. त्यांनी मलाच घेऊन गावाबाहेरच्या पेट्रोलपंपावर चढाई केली. "पाणी विकता व्हय बे?" अशी सुरुवात केली. पंपावरच्या माणसानं शांतपणे एक काचेची बाटली आणली, तिच्यात पेट्रोल भरलं आणि ओट्यावर ठेवलं. आप्पांनी ती उन्हात धरली, हलवली, पुन्हा ठेवली. पाण्याचा थेंब नाही! मग माझ्या टाकीतलं काढून बघितलं. तेही स्वच्छ! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते आमचे आप्पा.

वाटी धुतल्यावर मी आठवडाभर ठणठणीत होते. आणि मग पुन्हा फुस्स. त्रिंबकनं पुन्हा वाटी धुतली. पुन्हा बरी. पुन्हा आजारी. हे असं कार्तिक संपेपर्यंत चाललं.

तोवर रुद्राणीचं लग्न ठरलं. नवरदेव केजचा, विश्वेश्वर नावाचा, घरचं कापडाचं दुकान. माणसं भली, देण्याघेण्याचं नाव काढलं नाही. शांतादेवींनी महादेवाचा वार म्हणून सोमवारचाच मुहूर्त धरायला लावला. आणि त्याच बैठकीत रुद्राणीनं बॉम्ब टाकला!

"मंडपातनं महादेवाच्या देवळापर्यंत आमची वरात ह्याच गाडीत निघंल. आनि चालवणार मी!"

एकच गलका झाला. नवरी गाडी चालवणार? आणि तीही ही खटारा? वरातीत गाडी बंद पडली तर केवढा अपशकुन! सगळे बोलत होते आणि भिंतीपलीकडं शेडमध्ये माझे दिवे भीतीनं विझायची वेळ आली होती. कारण तुम्हीच विचार करा, वरात म्हणजे काय? पुढं वाजंत्री, नाचणारी पोरं, पावलापावलावर थांबायचं! म्हणजे नुसतं आयडल, आयडल आणि आयडल. जे मला जमत नाही, नेमकं तेच!

आप्पांनी भंगारवाल्या रामकिसनला बोलावून घेतलं. त्यानं माझ्या दारावर बोटांनी टकटक करून पत्रा किती उरलाय ते बघितलं. त्याच्यासमोर आप्पा म्हणाले, "पोरी, तुझा हट्ट पुरवतो. पण वरातीत ही एकदा जरी बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी रामकिसनच्या हवाली करीन. मग रडायचं न्हाई."

"कबूल," रुद्राणी म्हणाली. माझं आयुष्य पणाला लावून पोरगी ओठ घट्ट मिटून उभी होती. मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला.

लग्नाचा सोमवार उजाडला. त्रिंबक पहाटेच आला होता. त्यानं मला सुरू केलं आणि बाजूला बसून चहा घेतला. चहा संपला, पान खाऊन झालं, तरी मी एका लयीत धुगधुगत होते. "आता कशी शहाण्यासारखी वागाया लागली!" असं म्हणत त्यानं इंजिन बंद केलं आणि पट्टा तपासायला बोनेट उघडलं.

तेवढ्यात नवी साडी नेसून शांतादेवी आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात पूजेचं ताट. "त्रिंबक, सरक जरा. आज लेकीची वरात न्यायची हाय हिला. आज दोन तांबे घालते."

आणि त्यांनी धार धरली. त्रिंबक सहज बघत होता. पाणी झाकणावर पसरलं, थोडं बाजूनं ओघळलं आणि उरलेलं मधल्या नटाभोवती गोल गोल फिरून आत उतरून गेलं. त्रिंबकच्या हातातला पाना खाली पडला.

"काकू, थांबा!"

"कावून रं?"

त्रिंबक दार उघडून आत बसला. त्यानं किल्ली फिरवली. मी सुरू झाले, अडखळले, आचका दिला आणि मेले.

माझा आवाज थांबला म्हणून रुद्राणी अंगाला हळद लागलेली तशीच बाहेर धावत आली. तिनं तांब्या बघितला, उघडं बोनेट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सोमवार! अगं आई, दर खेपेला सोमवारीच बंद पडती ही! श्रावणात तर लईच. मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, आधी काय खाल्लं, काय प्यालात. हिलाच विचारायचं राहिलं."

त्रिंबकनं घाईनं झाकण काढलं. नटाखाली बोट फिरवून तो म्हणाला, "काकूंचा काय दोष न्हाई. इथं रबरी वायसर असतो, तो हाय म्हणून इतकी वर्षं पाणी आत जात नव्हतं. मागं कुणीतरी सर्व्हिसिंग करताना तो हरवला आनि नट तसाच आवळला. मी बी झाकण दहादा काढलं, पर ध्यानात आलं न्हाई. मी नवा वायसर टाकतो. तुमी खुशाल घाला पाणी."

शांतादेवी पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं, मला बोलता यायला हवं होतं. ज्या हातांनी माझ्यावर सगळ्यांत जास्त माया केली, तेच हात आता मांडीवर पडून होते.

"म्हंजी मीच पाजत होते व्हय हिला? आनि ती पांढरी घाण म्हंजी माझी विभूती?"

लग्नघरात वाजंत्रीवाले सनईचे सूर जुळवत होते.

मग शांतादेवी उठल्या. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी अंगणातल्या तुळशीला घातलं. "वायसर आज हाय, उद्या न्हाई. माझा हात तर दर सोमवारचा हाय," त्या म्हणाल्या. "महादेवाला पाणी देवळात घालीन. हिला काय लागतं ते सांग, त्रिंबक. तेच देऊ."

"हिला कोरडी हवा लागती, काकू. बाकी काय न्हाई."

आणि मग काय धांदल उडाली! एकीकडे मंडपात पाहुणे येतायत, आणि इकडे त्रिंबक कार्बोरेटर खोलतोय. शांतादेवींनी पूजेच्या ताटातलं हळदीकुंकू बाजूला काढलं आणि ते ताट त्याच्यापुढं धरलं. "एकबी स्क्रू हरवायचा न्हाई, ह्यात टाक." वाटी निघाली, बारीक भोकांची पितळी जेट निघाली, सगळी त्या ताटात. त्रिंबकनं प्रत्येक भोक फुंकून, उजेडात धरून साफ केलं. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून नटाखाली बसवला. आप्पा दोनदा येऊन "मुहूर्त गाठायचा हाय!" म्हणून ओरडून गेले आणि दोन्ही वेळा शांतादेवींनी त्यांना हातानंच परत पाठवलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि ऊन कलायला लागल्यावर मी मंडपापुढं उभी राहिले. अंगभर झेंडू! रुद्राणी शालू सावरून माझ्या स्टिअरिंगमागं बसली. विश्वेश्वर शेजारी बसला. त्याचा फेटा टपाला लागत होता, म्हणून बिचारा मान वाकडी करून हसत होता. वाजंत्री सुरू झाली आणि वरात निघाली. एक पाऊल, थांब. दोन पावलं, थांब. पोरं नाचताहेत, गुलाल उडतोय, माझ्या नाकासमोर ढोल बडवतायत! मी चालत होते, मित्रांनो, मी चालत होते! आप्पा एका बाजूनं कान माझ्याकडं लावून चालले होते. रामकिसनही आला होता, आणि नाचणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तोच होता.

देवळाच्या वळणावर नाच ऐन रंगात आला आणि वरात खिळून राहिली. बराच वेळ झाला. इंजिन तापलं. आणि मला एक आचका आला! रुद्राणीचा पाय रेसकडं गेला, पण तिनं तो दाबला नाही. पाय तसाच अधांतरी ठेवून ती नुसती ऐकत राहिली. आप्पा जागच्या जागी थांबले. शांतादेवींनी बोनेटवर हात ठेवला. मी श्वास घेतला, कोरडी, स्वच्छ हवा, पोटभर! आणि पुन्हा लयीत आले. धुग, धुग, धुग. देवळाच्या पायरीपर्यंत मी एकदाही बंद पडले नाही. आप्पांनी डोळे पुसले आणि गुलाल गेला म्हणून सांगितलं. सगळ्यांनी ते मान्यही केलं.

मग पाठवणीची वेळ आली. लेकीसाठी शांतादेवींनी टेम्पो भरून ठेवला होता: हंडे, कळशा, डबे, गाद्या, लोणच्याच्या बरण्या. तरी "हे बी ने, ते बी ने" चालूच होतं. रुद्राणी माझ्या बोनेटला टेकून उभी होती. एक मोठी परात उचलता उचलता शांतादेवी थांबल्या. ती त्यांनी खाली ठेवली, आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "मी आपली देतच सुटले. तुला काय पायजे, ते विचारलंच न्हाई गं."

रुद्राणीला हुंदका आवरेना. "मला ही गाडी पायजे, आई. केजहून अंबाजोगाईला लॅबला जायला. मला नोकरी सोडायची न्हाई."

आप्पा म्हणाले, "अगं, मग लाल ने की!"

"न्हाई. ही मला कळती."

आप्पांनी रामकिसनकडं बघितलं आणि हात हलवून त्याला घरी जायला सांगितलं. मग माझी किल्ली आपल्या हातानं लेकीच्या मुठीत ठेवली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी जुनं, थकलेलं असेल. यंत्र असेल, जनावर असेल, माणूसही असेल. ते अडखळलं की लगेच त्याला भंगारात काढू नका. आणि माया करायची तर भरभरून करा. पण आपल्याला द्यावंसं वाटतं तेच ओतत राहू नका, त्याला काय लागतं ते आधी बघा. मी जगले ती एवढ्यावरच.

आज पुन्हा सोमवार आहे. सकाळी केजच्या अंगणात रुद्राणीनं मला सुरू केलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडं शांतादेवी होत्या. "कशी हाय गं?" त्यांनी विचारलं. लेकीबद्दल विचारलं की माझ्याबद्दल, ते मला कळलं नाही. रुद्राणीलाही कळलं नसावं, कारण ती खाली उतरली, तिनं बोनेट उघडलं आणि फोन माझ्याजवळ धरला. मी जागच्या जागी, हळूहळू, न अडखळता चालत राहिले. पलीकडं शांतादेवी माझा आवाज ऐकत होत्या, आणि फोन बराच वेळ कुणी ठेवला नाही.